फेलो ट्रॅव्हलर्स : फायलींतलं प्रेम जमलंय, इतिहासाची सहल फसलीय

पाणपोई :

धाग्यात सगळं कथानक उघडं पडणार आहे, शेवटासकट. बघायची असेल तर आधी बघून या, आठच भाग आहेत. कुठे दिसते ते विचारू नका, दर सहा महिन्यांनी जागा बदलते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये शोटाइमने ही मालिका आणली. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली ती १७ तारखेला आणि ही आली २७ ला, त्यामुळे त्या वेळी गाजावाजा होईल असं वाटलं होतं. मराठीत तरी कुणी फारसं लिहिलं नाही. म्हणून हा धागा.

टॉमस मॅलनची २००७ ची कादंबरी, मालिका रचली रॉन निस्वॅनरने. हॉकिन्स फुलर ऊर्फ हॉक (मॅट बोमर) हा अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातला देखणा अधिकारी. युद्धावरून परतलेला आणि देव, देश, पक्ष यांपैकी कशावरच श्रद्धा नसलेला. टिम लॉफलिन (जोनाथन बेली) नुकताच वॉशिंग्टनला आलेला, नेमाने चर्चला जाणारा कॅथलिक, कम्युनिस्टांचा बीमोड झालाच पाहिजे असं मनापासून मानणारा. १९५२ च्या निवडणुकीच्या रात्री पार्टीत दोघांची गाठ पडते. आजूबाजूला सगळे दारू पितायत आणि टिमच्या हातात दुधाचा ग्लास. हॉक त्याला नोकरी लावून देतो, तीही थेट सिनेटर जोसेफ मॅकार्थीच्या कचेरीत. म्हणजे ज्या माणसाच्या कम्युनिस्टविरोधी मोहिमेत समलिंगी लोकही सरकारी नोकरीतून वेचून बाहेर काढले जातायत, त्याच्याच कागदपत्रांपाशी हा बसलाय.

आणि इथे मालिका मला पहिल्यांदा जाम आवडली. समलिंगी प्रेमाच्या गोष्टीत खलनायक म्हणून बहुधा बाप असतो, नाहीतर गल्लीतली पोरं, नाहीतर धर्मगुरू. इथे खलनायक आहे आस्थापना विभाग. २७ एप्रिल १९५३ ला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरनी १०४५० क्रमांकाचा आदेश काढला. सरकारी नोकरीला कोण धोकादायक याच्या यादीत अतिरेकी मद्यपान, अमली पदार्थ यांच्या रांगेत ‘लैंगिक विकृती’ही घातली. त्यावर हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. मालिकेत हे सगळं टंकलेखन यंत्रांच्या आवाजात घडतं. टिमने एका पुस्तकावर हॉकसाठी कौतुकाचे दोन शब्द लिहिलेत, ते कचेरीतल्या एका बाईंच्या नजरेस पडतात. एवढंच. तेवढ्यावर चौकशी, लाय डिटेक्टरच्या तारा, बंद दाराआडचे सभ्य आवाजातले प्रश्न. कुणी ओरडत नाही. त्या बाई दुष्टसुद्धा नाहीत, त्यांना आपण कर्तव्य करतोय असंच वाटतंय.

या वातावरणामुळे प्रेमाचं काय होतं ते निस्वॅनरला नेमकं कळलंय. हॉकला लपायची इतकी सवय झालीय की दोघंच असतानाही तो हुकूम सोडल्यासारखा बोलतो. टिमला खरं बोलायची खोड. तो चर्चमध्ये जाऊन पापाची कबुली देऊ बघतो, पण ज्याचा पश्चात्तापच होत नाही त्याची कबुली कशी देणार? बेलीने हे जे काही केलंय ना! त्याचा चेहरा पहिल्या भागात एखाद्या चांगल्या घरच्या मुलाचा आहे आणि पाचव्यापर्यंत त्याच चेहऱ्यावर एक हट्ट येतो. त्याला क्रिटिक्स चॉइस पारितोषिक मिळालं ते सहाय्यक भूमिकेसाठी, हा विनोदच. मालिका त्याची आहे.

बेडसीनबद्दल खूप बोललं गेलंय. भरपूर आहेत आणि धीट आहेत. पण एकही भरतीचा नाही. आज्ञा कोण देतंय आणि ती मान्य करून स्वतःचं काय पदरात पाडून घेतंय, हा हिशेब प्रत्येक वेळी बदललेला दिसतो. पहिल्याच भागात टिम अशाच एका प्रसंगात ‘मला पार्टीला घेऊन चल’ हे कबूल करवून घेतो. तोवर आपल्याला वाटत असतं की हे पोरगं भोळं आहे.

आता तक्रार. पहिले पाच भाग मुख्यतः १९५२ ते ५४ मध्ये घडतात, अधूनमधून १९८६ चं सॅन फ्रान्सिस्को येतं, जिथे टिमला एड्स झालाय आणि म्हातारा हॉक त्याला भेटायला गेलाय. सहाव्यात आपण १९६८ ला पोहोचतो. व्हिएतनामविरोध, टिम पाद्री व्हायच्या वाटेवर, सैन्यभरतीचे कागद जाळल्यामुळे पोलिसांपासून पळतोय. सातव्यात १९७९. न्यूयॉर्कजवळच्या फायर आयलंड बेटावर नशेत बुडालेला हॉक आणि तिकडे हार्वे मिल्क या उघडपणे गे असलेल्या नगरसेवकाच्या खुन्याला हलकी शिक्षा झाली म्हणून उसळलेला सॅन फ्रान्सिस्को. प्रत्येक ठिकाणी उतरायचं, फोटो काढायचा, पुन्हा बसमध्ये. कादंबरीत हे नाही, ती बहुतेक सगळी पन्नाशीच्या दशकातच राहते, आणि मला वाटतं मॅलनला ठाऊक होतं की या दोघांची गोष्ट त्या कचेऱ्यांबाहेर नेली की ती कुणाचीही होते.

मार्कस आणि फ्रँकीचं तर वाटोळंच केलंय. मार्कस हा कृष्णवर्णीय पत्रकार, फ्रँकी बारमध्ये स्त्रीवेशात गाणारा. दोघंही मालिकेसाठी नव्याने घडवलेले. त्यांच्या डोक्यावर दोन कायदे आहेत, वंशाचा वेगळा आणि हा वेगळा, त्यामुळे खरं तर यांचीच गोष्ट जास्त अवघड. जेलानी अलादीन आणि नोआ रिकेट्स दोघंही चांगले नट. पण लेखकाला ते आठवतात केव्हा, तर हॉक-टिमचा श्वास लागला की.

आणि वयस्कर दिसण्याचा मेकअप. त्याबद्दल न बोललेलंच बरं.

तुमचं काय मत?

टपोरी_टाळ :

पाणपोईताई, लेख भारी. दुसऱ्या भागाला आमच्या हॉलमध्ये सासूबाई येऊन बसल्या. रिमोट सापडेना. बाकी चालू द्या.

सांडगे :

टाळ, सासूबाई उठून गेल्या की बसल्या ते सांग आधी!

पाणपोई, तू लूसीबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस, म्हणून मी लिहिते. हॉकची बायको (ॲलिसन विल्यम्स). सिनेटरची मुलगी, हॉक त्यांच्या घरात जवळजवळ मुलासारखा वावरलेला. तिला फसवून लग्न केलं असं म्हणायला मी तयार नाही. तिला पुरतं माहीत नव्हतं, पण अंदाज होता, आणि त्या काळात त्या वर्गातल्या बाईला ‘चांगलं स्थळ’ म्हणजे काय याचे नियम तिला तोंडपाठ होते. मला मालिकेचं हे आवडलं की तिला रडवत ठेवलं नाही. ती घर चालवते, पार्ट्या देते, मुलं वाढवते, मुलगा गमावते आणि तीस वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन टिमच्या खाटेशी उभी राहते. मग नवऱ्याला सोडते. कुठेही आदळआपट नाही.

पण दोष असा की तिचं मधलं आयुष्यच दाखवलेलं नाही. ५४ ला लग्न, ५७ ला संशय, नंतर एकदम ६८. त्या अकरा वर्षांत बाई सकाळी उठून काय करत होती? नवऱ्याचे खिसे तपासत होती का? मैत्रिणीजवळ बोलली का? आपल्याकडे अशा किती बायका आहेत ते मला सांगायला नको. एका नात्यातल्या बाईंना मी ओळखते, त्यांनी आयुष्यभर ‘हे जरा अलिप्तच असतात’ एवढंच म्हटलं. ती अलिप्तता बघायची होती मला. बेडसीन दोन कमी चालले असते.

तळटीप :

धागा चांगला चाललाय, थोडी भर घालतो.

लूसीचे वडील सिनेटर स्मिथ काल्पनिक आहेत, पण त्यांच्यामागे वायोमिंगचे सिनेटर लेस्टर हंट उभे आहेत. १९५३ मध्ये हंट यांच्या मुलाला व्हाइट हाउससमोरच्या लाफायेट पार्कात साध्या वेशातल्या पोलिसाला शरीरसंबंधांसाठी विचारल्याच्या आरोपावरून पकडलं. मॅकार्थीच्या गोटातल्या दोन सिनेटरांनी, स्टाइल्स ब्रिजेस आणि हर्मन वेल्कर यांनी, त्याचा वापर करून हंटवर दबाव आणला की पुन्हा निवडणूक लढवू नका. १९ जून १९५४ ला हंटनी कोटाखाली रायफल लपवून आणली आणि सिनेटमधल्या आपल्या कचेरीत स्वतःवर गोळी झाडली. मॅकार्थी विरुद्ध लष्कर या सिनेटमधल्या सुनावण्या संपल्याला दोन दिवस झाले होते. मालिकेत हे सासऱ्यावर ढकलल्यामुळे हॉकच्या घरातच सगळं घडतं, ती युक्ती मला पसंत आहे.

मॅकार्थीचा वकील रॉय कोन आणि त्याचा सहकारी डेव्हिड शाइन यांच्या बाबतीत मात्र मालिका सैल सुटलीय. कोनचं शाइनवर मन होतं असं त्या वेळी कुजबुजलं जायचं, मालिका ते जणू सिद्ध झाल्यासारखं दाखवते. शाइनबद्दल कसलाच पुरावा नाही, त्याने मिस युनिव्हर्स ठरलेल्या स्वीडिश तरुणीशी पुढे लग्न केलं आणि त्यांना सहा मुलं झाली. कोनचं प्रकरण वेगळं. तो ऑगस्ट १९८६ मध्ये एड्सने गेला आणि शेवटपर्यंत नाकारत राहिला. एड्सच्या बळींसाठी जी प्रचंड गोधडी शिवली गेली तिच्यात त्याच्याही नावाचा तुकडा आहे, त्यावर लिहिलंय : दांडगट, भेकड, बळी. शेवटच्या भागात तीच गोधडी वॉशिंग्टनच्या मॉलवर पसरलेली दिसते. ऑक्टोबर १९८७ ला पहिल्यांदा मांडली तेव्हा १,९२० तुकडे होते.

माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. कालक्रमाने लावलं तर मालिका १९५७ वरून (तो तुकडा शेवटच्या भागात येतो) थेट १९६८ वर उडी मारते. ज्या १९५७ मध्ये ती थांबते, त्याच वर्षी लष्कराच्या नकाशा विभागातून फ्रँक कॅमेनी नावाच्या खगोलशास्त्रज्ञाला याच कारणाने काढून टाकलं. बाकीच्यांसारखा तो गप्प घरी गेला नाही. सर्वोच्च न्यायालयापर्यंत स्वतः अर्ज लिहून भांडला, १९६१ मध्ये तो फेटाळला गेला. त्याच वर्षी त्याने वॉशिंग्टनमध्ये संघटना उभी केली आणि १७ एप्रिल १९६५ ला मूठभर लोकांनी व्हाइट हाउससमोर फलक धरून फेऱ्या मारल्या. पुरुषांनी कोट-टाय, बायकांनी झगे. नोकरी मागायला आलोय तर नोकरीला ठेवण्यासारखे दिसलं पाहिजे, हा कॅमेनीचा आग्रह. मुलकी सेवेतली बंदी उठली १९७५ मध्ये. सुरक्षाविषयक परवान्यांतली अडचण दूर व्हायला १९९५ उजाडलं.

हे सगळं वॉशिंग्टनमध्येच घडलं, मालिकेच्याच रस्त्यांवर. आणि मालिका त्या दशकाला वगळून फायर आयलंडला गेली.

पाणपोई :

तळटीप, अगदी! मला जे खटकत होतं त्याला तुम्ही हाड दिलंत. ज्या कागदाने या दोघांची आयुष्यं नासवली, त्या कागदाविरुद्धची लढाई इथेच सुरू होती आणि मालिकेने पाठ फिरवली. मिल्कचा खून मोठी घटना आहे, मान्य, पण हॉकच्या गोष्टीत तिचा काय संबंध? कोट-टायमधल्या त्या फेरीजवळून हॉकची गाडी जातेय आणि तो काच वर करतो, एवढा एक प्रसंग मला सातव्या भागाच्या बदल्यात चालला असता.

निवृत्त_कारकून :

मी ही मालिका मुलीच्या आग्रहाने पाहिली. सगळंच पसंत पडलं असं नाही, वयाचा भाग म्हणा. पण कचेरीचं चित्रण अस्सल आहे. आमची उभी हयात मंत्रालयात गेली. गोपनीय अहवाल नावाचा प्रकार तरुण मंडळींना कदाचित माहीत नसेल. साहेब वर्षाअखेरी तुमच्याविषयी चार ओळी लिहिणार, तुम्हाला दिसणार नाहीत. प्रतिकूल शेरा असेल तरच कळवायचा, बाकी नाही. २००८ मध्ये देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रत्येक शेरा कळवलाच पाहिजे, तोवर आम्ही निवृत्तीच्या दारात होतो. ‘वर्तन संशयास्पद’ अशा दोन शब्दांवर माणसाची बढती वर्षानुवर्षं अडकलेली मी पाहिली आहे. कारण कोणी सांगत नसे, विचारलं तर ‘वरून आहे’.

एक अविवाहित सहकारी होते, अतिशय हुशार. त्यांच्या बाबतीत असंच काही झालं. नक्की काय ते आम्ही विचारलं नाही. त्या चौकशीच्या प्रसंगाला मी टीव्ही बंद करून बाल्कनीत गेलो.

सांडगे :

काका, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत.

आठवी_ब :

सगळ्यांचं वाचलं. मी थोडी उलट बाजूने येते. मी थाई आणि कोरियन मालिका बघणारी, दोन मुलगे प्रेमात पडतात आणि शेवटी एकत्र राहतात अशा. तुमच्या मते बालिश असतील. पण माझा प्रश्न साधा आहे : प्रतिष्ठेची, पुरस्कारांची गे मालिका म्हटली की दोघांपैकी एकाला मरावंच का लागतं? २०२३ मध्ये निधी मिळालाय, दोन्ही मुख्य नट स्वतः उघडपणे गे आहेत (हे अजूनही दुर्मीळच), लेखक गे आहे, आणि तरी परत एड्सचा वॉर्ड. निस्वॅनरनेच १९९३ मध्ये एड्सवरचा ‘फिलाडेल्फिया’ हा चित्रपट लिहिला होता. बोमर २०१४ ला ‘द नॉर्मल हार्ट’ मध्ये स्वतः एड्सचा रोगी झाला होता, आता तो खाटेशेजारी बसलाय. लोकांनी फक्त जागा बदलल्या.

थायलंडमध्ये जानेवारी २०२५ पासून समलिंगी लग्नं कायदेशीर आहेत. तिथल्या लाखो लोकांनी आधी वर्षानुवर्षं या हसऱ्या मालिका पाहिल्या. सरळ कारण-परिणाम आहे असं म्हणत नाही. पण आनंदी शेवट बघितलेला प्रेक्षक वेगळा तयार होतो, एवढं तरी मानाल का?

तिरपं_ऊन :

बरेच दिवस फक्त वाचत होतो, आता लिहितो. मी स्वतः गे आहे, मूळचा नाशिकचा, बरीच वर्षं शिकागोत.

@आठवी_ब, आनंदी शेवटाची भूक मला कळते, तुझ्या वयात मला त्या मालिका मिळायला हव्या होत्या. पण ‘पुन्हा एड्स’ या तक्रारीशी मी सहमत नाही. इथे ज्या पिढीची गोष्ट आहे तिच्यातले जे पुरुष १९५२ ला वीस-तिशीत होते ते १९८६ ला साठीच्या आसपास पोचले, आणि सत्तर-ऐंशीच्या दशकात ज्यांनी मोकळेपणाने जगायला सुरुवात केली त्यांच्यातले कितीतरी गेले. शिकागोत मला असे दोन-तीन म्हातारे भेटले आहेत, त्यांच्या पत्त्यांच्या वहीत पानांमागून पानं खोडलेली. त्यांच्यासाठी ही क्लृप्ती नाही. टिमला वाचवला असता तर मला ते खोटं वाटलं असतं.

@पाणपोई, तुमचा मुख्य मुद्दा पटतो आणि तरी निष्कर्ष पटत नाही. पन्नाशीचे भाग सरस आहेत हे खरं. पण तुम्हाला ते आवडतात त्याचं एक कारण असंही असेल का, की त्यात भय आहे, चोरून भेटणं आहे, टाय सोडणं आहे, म्हणजे गोष्टीला आयती धार आहे? लपलेलं समलिंगी प्रेम सुंदर दिसतं. बाहेर आलेलं समलिंगी आयुष्य विसकळीत असतं, कंटाळवाणंही असतं. सातव्या भागातला हॉक मला अजिबात सुंदर वाटत नाही. मुलगा ओव्हरडोसने गेलाय आणि हा बेटावर पोरांच्या घोळक्यात दारू ढोसतोय. टिम त्याला सांभाळायला येतो आणि तेही धड जमत नाही. तो भाग बघताना मला लाज वाटली. कदाचित वाटायलाच हवी होती.

कॅमेनीचं तळटीप यांनी लिहिलेलं वाचून मी उठून बसलो. पण हॉकला कॅमेनीच्या फेरीजवळून नेऊन काय मिळालं असतं? आपण त्याला भेकड म्हटलं असतं आणि मोकळे झालो असतो. मालिका लढलेल्या माणसाची नाहीच. नव्वद टक्के लोक लढत नाहीत, मी नाशिकमध्ये असताना लढलो नाही. २००९ ला समलिंगी संबंध गुन्हा नाही असा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल आला तेव्हा मी इथे डोळे पुसले, २०१३ ला तो उलटला तेव्हाही, २०१८ लाही. मोर्चात कधीच नव्हतो. हॉकसारख्याची गोष्ट कुणीतरी सांगायला हवी होती.

सांडगे :

तिरपं ऊन, मनापासून लिहिलंत. पण मग हॉकला माफ करता का तुम्ही? शेवटी शेवटी तो जे करतो ते?

(ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी : १९५७ मध्ये टिम परत आलाय, सरकारी नोकरी मिळवू बघतोय, आणि हॉक स्वतः जाऊन चौकशीवाल्यांकडे त्याचं नाव देतो. म्हणजे टिम शहरातून जाईल आणि हॉकचा संसार वाचेल.)

तिरपं_ऊन :

नाही करत. आणि माझी मालिकेबद्दलची खरी तक्रार इथेच आहे, तुम्ही कुणी ती मांडली नाहीत म्हणून आश्चर्य वाटलं. ती फितुरी ही अख्ख्या गोष्टीतली सगळ्यात भयंकर कृती. ज्या यंत्रणेने सिनेटर स्मिथला मारलं तिच्याच हातात त्याने आपला माणूस दिला. पाणपोई म्हणतात ना फायलींची गोष्ट, तर त्या फाइलमध्ये शेवटचा कागद प्रियकरानेच लावलाय. याच्यावर एक पूर्ण भाग हवा होता. आणि ती ठेवली कुठे, तर शेवटच्या भागात, १९८६ च्या मरणखाटेला लागून, जेणेकरून टिमला लगेच क्षमा करता येईल. आपल्याला राग यायला वेळच दिला नाही. पाचव्या-सहाव्या भागात हे कळलं असतं तर पुढची वीस वर्षं आपण हॉककडे वेगळ्या नजरेने पाहिलं असतं. फायर आयलंडवर टिमने त्याचं डोकं मांडीवर घेतलं असतं तेव्हा आपण ओरडलो असतो, अरे बावळटा, निघ तिथून!

पाणपोई :

हे मात्र शंभर टक्के. आणि यामुळे सातवा भागही वाचला असता, तुम्हाला हवा तसा आणि मला हवा तसाही. इतिहास नको होता असं मला म्हणायचं नव्हतंच, त्याच्या पोटात काहीतरी धगधगतं हवं होतं. ते लेखकाच्या खिशात होतं आणि त्याने शेवटपर्यंत काढलं नाही.

शेवटाबद्दल मात्र मी मऊ पडते. गोधडीपाशी मुलगी विचारते आणि हॉक आयुष्यात पहिल्यांदा सांगतो की हा माझा मित्र नव्हता, माझं याच्यावर प्रेम होतं. बोमर तिथे काहीच करत नाही, नुसतं बोलतो. सबंध मालिकेत तो इतका सफाईदार आहे की ती सफाई गळून पडल्याचं लगेच कळतं. टीकाकारांनी त्याला थंड म्हटलं होतं, मला ते थंडपण कमावलेलं वाटलं.

तळटीप :

फितुरीच्या जागेबद्दल तिरपं ऊन यांच्याशी सहमत. फक्त एक, अशा फितुऱ्या खरोखर होत. चौकशीवाले माणसाला बसवून म्हणत, नावं द्या, तुमचं सौम्य करू. बऱ्याचदा नाव देणारे स्वतःही त्यातलेच असत. मालिकेत मेरीच्या, म्हणजे परराष्ट्र खात्यातल्या त्या लेस्बियन कर्मचारी बाईच्या कथानकात याची सुरुवात छान झाली होती आणि ती मध्येच गायब झाली. बायकांवर या मोहिमेत काय गुदरलं हे मालिकेला दोन-चार प्रसंगांपलीकडे सुचलेलं नाही. पाणपोईंनी मार्कस-फ्रँकीची बाजू घेतली, मी मेरीची घेतो.

आठवी_ब :

मार्कसबद्दल पण एक. त्याला आणि फ्रँकीला शेवटी एकत्र म्हातारे होताना दाखवलंय, म्हणजे मला हवा तो आनंदी शेवट मालिकेत आहे! फक्त तो पार्श्वभूमीला ठेवलाय. समोर रडणारे गोरे, मागे संसार करणारे काळे. याच्यावर कुणी काही बोलणार का?

सांडगे :

बापरे, हे मला सुचलंच नव्हतं. पोरगी हुशार आहे.

पाणपोई :

@आठवी_ब, तो वेगळ्या धाग्याचा ऐवज आहे, तूच काढ. मी पहिली येईन भांडायला. फ्रँकीच्या बाबतीत एक गोष्ट मालिकेने बरोबर केलीय असं मला वाटतं : तो कधीच लपत नाही. हॉक-टिम-मार्कस तिघंही आपापल्या परीने सभ्य पुरुषाचं सोंग वठवतात, आणि बाईचे कपडे घालून गाणारा फ्रँकी एकटाच सरळ बोलतो. मार्कसची त्याच्याबरोबर रस्त्यात दिसायची लाज, ती जिरायला लागलेली वर्षं, हे सगळं दोन दोन मिनिटांच्या तुकड्यांत आलंय. त्यांना आठपैकी तीन भाग द्यायला हवे होते.

टपोरी_टाळ :

सासूबाई बसल्या होत्या. आठही भाग बघितले. पहिल्या दिवशी ‘हे काय लावलंय’, तिसऱ्या दिवशी ‘तो मॅकार्थी पडला का?’ मत विचारलं तर म्हणाल्या, त्या देखण्यापेक्षा तो चष्मेवाला सरस, आणि त्या लूसीने आधीच निघायला हवं होतं. सांडगे, तुमचा आणि त्यांचा एक मुद्दा जुळतोय.

एक शंका मात्र खरंच आहे. मित्राला दाखवायचीय, त्याला इतिहासाचा गंध नाही. आधी काही वाचायला सांगू का?

पाणपोई :

काही नको. मॅकार्थी कोण एवढं दोन वाक्यांत सांग, बाकी पहिला भाग सांगतो. पहिले पाच सलग बघू दे, मग एक दिवस थांबू दे, नाहीतर सहाव्यात विग बघून हसत सुटेल. आणि १९५७ चा तो प्रसंग आधी फोडू नकोस. तो आला की त्याला इथे पाठव, तिरपं ऊन यांच्या बाजूने एक मत वाढेल.